नवव्या शब्दापाशी

रविवार, १२ नोव्हेंबर २०००. सकाळी अकरा. ज्यू दफनभूमी, नवी दिल्ली.

हजर: तुमचा मुलगा दानियल. नोएडाहून तुमचा भाचा आयझॅक आणि त्याचे दोन मुलगे, दोघेही नोकरीला लागलेले. तुमचे चाळीस वर्षांचे मित्र डॉक्टर रूबेन. पानिपतच्या चादरींच्या कारखान्यातले मोझेस. फरीदाबादचे सॅम्सन, पायाच्या प्लास्टरसकट. पहाडगंजच्या एका लॉजमधून आणलेले दोन इस्रायली तरुण, पाठीवरच्या बोजांसकट.

शिवाय हजर: आर. के. पुरमचे जुने शेजारी, दानियलच्या आणि माझ्या ऑफिसातले लोक, सगळ्या बायका आणि मी. चाळीसेक माणसं.

बाबा, ही यादी मी घरी आल्यावर केली. त्याला दहा दिवस झाले. रोज काढून बघते आणि वरच्या भागात रोज नऊच भरतात.

तुमच्यासाठी कद्दिश म्हटली गेली नाही. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं, आणि चूक माझी आहे, म्हणून मीच सांगते.

लग्न होऊन तुमच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा मला कद्दिश हा शब्दही माहीत नव्हता. मी कॅन्टोन्मेंटमध्ये वाढलेली, साताऱ्याकडच्या सुभेदाराची मुलगी, माहेरी दीड दिवसाचा गणपती. तुम्ही बेने इस्राएल, मूळचे अलिबागकडचे. बोलणं आमच्यासारखंच मराठी, मासळीची आमटीही तशीच, फक्त शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दिवा आणि शनिवारी सगळं बंद. पहिल्याच महिन्यात तुमच्या वडिलांच्या पुण्यतिथीचा दिवस आला. प्रार्थनेला दहा पुरुष जमवायला तुम्ही सकाळपासून फोनवर होतात. आठ झाले. नऊ झाले. एकाला ताप आला, परत आठ.

मी चहा देताना विचारलं, "बाबा, दहाच पुरुष कशाला? नऊ जणांनी म्हटलं तर देव ऐकत नाही का?"

"देव एकट्याचंही ऐकतो," तुम्ही म्हणालात. "पण ही त्याच्याकडे काही मागायची प्रार्थना नाही. ही राजाच्या नावाची द्वाही आहे. द्वाही रिकाम्या रस्त्यातून फिरवत नाहीत."

मग तुम्ही मला त्या प्रार्थनेचा अर्थ सांगितलात. माणूस गेल्यावर म्हणायची, आणि तिच्यात गेलेल्या माणसाचं नाव नाही, मरणाचा उल्लेख नाही, स्वर्ग नाही. त्याचं राज्य येवो, आपल्या हयातीत येवो, लवकर येवो, एवढंच. मला ते विचित्र वाटलं. मी तसं म्हटलंही. ज्याच्या घरात प्रेत आहे त्याला राज्याचं काय?

"त्यालाच तर म्हणायला लावायचं," तुम्ही म्हणालात. "ज्या दिवशी राज्य कुठे दिसत नाही, त्या दिवशी उभं राहून ते आहे म्हणायचं. एकटा माणूस तेव्हा काहीही बरळेल. म्हणून शेजारी नऊ जण लागतात, आमेन म्हणायला."

मला नऊ जण लागतात हे कळलं, बाकीचं कळलं नाही. पण काम समजलं. महिन्याभरात तुमची यादी मी माझ्याकडे घेतली. नाव, फोन, गाडी आहे की आणायला जावं लागेल, शेरा. तुम्ही मला 'आमच्या हेडक्लार्क' म्हणायला लागलात. सासूबाई गेल्या तेव्हा आपण आर. के. पुरमलाच होतो, दोन तासांत तेरा जण आले. दिल्लीत तेव्हा माणसं होती. नंतर कोणी इस्रायलला गेलं, कोणी मुंबईला परत, कोणी मुलांकडे ऑस्ट्रेलियाला. मी ओळी खोडत गेले. यादी वीसची चौदा झाली, चौदाची दहा. वरची पहिली ओळ कायम तुमची. नाव: बाबा. फोन: घरीच. शेरा: नेहमी हजर.

माझी मोजदाद तुम्हाला आवडत नसे, हे मला माहीत आहे. मी मानेसरच्या कारखान्यात बसचं वेळापत्रक बघते. तीन शिफ्ट, पाच बस, कोण चढलं कोण राहिलं हे रोज मोजते. घरी येऊन मी तुमच्या लोकांनाही तसंच मोजायची, बोट दाखवून, एक, दोन, तीन. तुम्ही माझं बोट खाली करायचात. "वैशाली, माणसं आकड्याने मोजायची नाहीत. आमच्या एका राजाने मोजली होती, आपली किती म्हणून. देशात साथ आली."

"बाबा, न मोजता दहा झाले हे कसं कळणार?"

तेव्हा तुम्ही ती रीत दाखवलीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, प्रजेला सांभाळ असं राजाला सांगणारं. एकेका माणसाकडे बघून एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं की माणसं पुरी झाली. मी हसले होते. म्हटलं, ही मोजणीच झाली, फक्त लपवून. तुम्हीही हसलात. "लपवून नाही. राजाची माणसं आहेत. त्यालाच सांगत सांगत मोजायची."

गुडगावचं आठवतं? मला रोज आठवतं.

दानियलने सरकारी नोकरी सोडली, क्वार्टर सोडायचं ठरलं, आणि मी त्या नव्या कॉलनीचं माहितीपत्रक घेऊन आले. पोहायचा तलाव, क्लब, चोवीस तास जनरेटर. आजूबाजूला तेव्हा मोहरीची शेतं आणि अर्धवट उभ्या इमारती, पण सगळे तिकडेच चालले होते. मी तेच म्हटलं: "बाबा, सगळेच घेतायत. आपणही घेऊ."

तुम्ही आयुष्यभर कारखान्यांच्या परवानग्यांच्या फायली पुढे सरकवल्या होत्यात. लायसन्स उठली तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं नाही. "आता माझ्यासारख्या माणसाची सही लागणार नाही, देश वाचला," म्हणाला होतात. पण त्या माहितीपत्रकावर तुम्ही बराच वेळ बोट फिरवत बसलात आणि मग तुमच्या ग्रंथातली शमुवेलाची गोष्ट सांगितलीत, बांधाबांधीच्या खोक्यांच्या मधोमध बसून. लोक म्हाताऱ्या शमुवेलाकडे आले आणि म्हणाले, बाकी सगळ्यांना राजा आहे, आम्हालाही दे. त्याला फार लागलं ते. देव त्याला म्हणाला, त्यांनी तुला नाकारलेलं नाही, मला नाकारलंय. इतके दिवस मीच त्यांचा राजा होतो. मग शमुवेलाने लोकांना राजा काय काय नेईल ते सांगितलं. मुलगे रथापुढे धावायला नेईल, मुली स्वयंपाकाला नेईल, चांगली शेतं नेईल, धान्याचा दहावा भाग नेईल.

"म्हणजे त्यानेही यादीच करून दिली," मी म्हटलं.

"चांगली करून दिली. लोकांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, ते असू दे, राजा द्या."

"कारण त्यांना दिसणारा राजा पाहिजे होता, बाबा. तुमच्या राजाचं ऑफिस कुठे आहे? पाण्याचा टँकर आला नाही तर तक्रार कुठे करायची?"

"तेच लोक म्हणाले," तुम्ही म्हणालात. "शब्द वेगळे होते." आणि मग खोक्यावर पेनने लिहीत तुम्ही माझ्या स्वरात वाचून दाखवलंत: "गुडगाव काय नेईल. एक, मुलाचे जाताना दोन तास, येताना दोन तास. दोन, सुनेचे शनिवार. तीन, म्हाताऱ्याचे शुक्रवार."

मी चिडले. मला वाटलं तुम्ही अडवताय. तुम्ही अडवलं नाहीत. उठलात, सुतळी मागितलीत आणि खोकं बांधायला लागलात. "मी शमुवेल नाही. तो मागे राहिला असता. मी तुमच्याबरोबर येतो."

तिन्ही गोष्टी गेल्या. आर. के. पुरमहून तुम्ही दर शुक्रवारी बस पकडून प्रार्थनेला जायचात. गुडगावहून पहिले दोन महिने मी गाडीने सोडलं. मग शिफ्ट वाढल्या. तुम्ही म्हणालात, "महिन्यातून एकदा पुरे." मग म्हणालात, "सणाला जाऊ." दर वेळी आधी तुम्हीच म्हणालात, मला म्हणावं लागू नये म्हणून. हे मला तेव्हाच कळत होतं. मी सुटका झाल्यासारखं 'बरं' म्हणत होते.

आपलं खरं भांडण मात्र वेगळं होतं, आणि ते अर्धंच राहिलं.

तुम्हीच सांगायचात की तुमच्या ग्रंथात तो नुसता एका लोकांचा राजा नाही. सगळ्या पृथ्वीचा राजा आहे, सगळ्या राष्ट्रांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या आहेत, समुद्रांनी आणि झाडांनीसुद्धा. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी रात्रीच्या जेवणाला तुम्ही ते परत म्हणालात आणि मी पोळी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "मग दहांत मी का नाही? झाडं चालतात, मी नाही?"

दानियल म्हणाला, "सुरू झालं."

तुम्ही म्हणालात, "तू दोन्हीकडून बाद आहेस. एक तर बाई, त्यातून गणपतीवाली."

"पण यादी मी करायची."

"यादी तूच करायची. तुझ्याइतकी चांगली कोण करणार?"

"बाबा, हसण्यावारी नेऊ नका. राजा सगळ्यांचा असेल तर प्रजाही सगळी. नाहीतर म्हणा की तो फक्त तुमचाच आहे. एक काहीतरी ठरवा."

तुम्ही घास हातात धरून थांबलात. तुमचा विनोदाचा चेहरा गेला. "बरोबर विचारलंस," म्हणालात. "माझ्या वडिलांना मी हे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला थोडं वाचू दे. शुक्रवारी सांगतो."

शुक्रवारी मला मानेसरहून यायला उशीर झाला. एक बस राजोकरीपाशी बंद पडली होती. तुम्ही जेवून झोपला होतात. टेबलावर तुमचं जाड पुस्तक उघडं होतं, चष्मा त्यावर. शनिवारी सकाळी तुम्ही खुर्चीत बसलात ते उठलाच नाहीत.

त्या उघड्या पानावर काही खूण आहे का, मी बघितलं. नाही. दोन्ही पानं हिब्रू, मला अक्षरही येत नाही. दानियलला दाखवलं. तो म्हणाला, "यात उत्तर नाही, वैशाली, वंशावळ आहे. कोणाचा मुलगा कोण." कदाचित तुम्ही उत्तर शोधत शोधत तिथवर पोचला होतात. कदाचित पान वाऱ्याने उलटलं होतं.

शनिवारी दफन करत नाहीत, म्हणून रविवार ठरला. मला पूर्ण एक दिवस मिळाला. मला कामं द्या, मी रडत नाही, तुम्हीच म्हणायचात. अकराला मी यादी घेऊन फोनपाशी बसले. पहिल्या ओळीवर बरोबरची खूण केली. तिथे फोन कधीच लावायचा नसायचा. इतकी वर्षं ती खूण करूनच मी सुरुवात करत आले. मग दुसरी ओळ, तिसरी. मोझेस पानिपतहून निघतो म्हणाले. सॅम्सनना आणायला गाडी पाठवायची. दोन जण कमी पडत होते, ते दानियलच्या मित्राने पहाडगंजमधून मिळवले. पाच वाजता मी खुणा बघितल्या. दहा.

मी दानियलच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "दहा झाले. तू कद्दिशची काळजी करू नकोस."

बाबा, मी तुम्हाला मोजलं होतं.

दफनभूमीत डॉक्टर रूबेन पुढे झाले. त्यांनी एकेकाकडे बघत वचन म्हणायला सुरुवात केली. दानियल, आयझॅक, त्याचे मुलगे, मोझेस, सॅम्सन, स्वतः, ते दोघे तरुण. नवव्या शब्दापाशी ते थांबले. दहाव्यासाठी समोर कोणी नव्हतं. त्यांना वाटलं कोणाला तरी वगळलं. चष्मा पुसून पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच. मला त्या वचनाचे सगळे शब्द येत नाहीत, पण तुम्ही अर्थ सांगितला होता, म्हणून एवढं माहीत आहे की नवव्या शब्दाचा अर्थ नुसता 'पर्यंत' असा आहे. त्यांना वाहून ने, पर्यंत. कुठपर्यंत ते दहाव्यात आहे.

"बेटा, यादी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी पर्समधून काढून दिली. त्यांनी वरून खाली वाचली नाही. वाचायची गरजच पडली नाही. पहिल्या ओळीवर अंगठा ठेवला आणि कागद माझ्याकडे परत दिला.

त्यानंतर जे झालं ते तुम्ही असतात तर तुम्हाला फार आवडलं असतं. आर. के. पुरमचे शेजारी त्रिपाठीजी मागून आले. "बहू, कमी क्या है? इतने लोग तो खड़े हैं." मी सांगितलं एक माणूस कमी आहे. त्यांनी मागे चाळीस माणसांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मला वेड लागलंय असं. खालच्या मजल्यावरचे सरदारजी पुढे झाले. "ओ जी, मैं खड़ा हो जाता हूँ. पगड़ी तो है ही, सिर ढका हुआ. गिन लो मुझे. किसको पता चलेगा?"

डॉक्टर रूबेन म्हणाले, "जिसको गिनती बतानी है, उसी को."

सरदारजी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. डॉक्टरांनी त्यांचा हात धरून ठेवला.

मी आमच्या कारखान्याचा ड्रायव्हर रामफल याला पहाडगंजला पिटाळलं होतं, कोणीतरी अजून एक मिळेल म्हणून. तो तासाभराने धापा टाकत आला. "मैडम, विदेशी ले आया." डोकं भादरलेला, गळ्यात रुद्राक्ष. माणूस स्पेनचा निघाला, जन्माने ख्रिस्ती, ऋषिकेशला योग शिकत होता. काय झालंय ते कळल्यावर तो गेला नाही. खिशातला रुमाल डोक्यावर टाकून बायकांच्या शेजारी उभा राहिला.

तोवर त्या दोन तरुणांच्या गाडीची वेळ होत आली होती. माती देणारे थांबून होते. दानियलने माझ्याकडे बघितलं. तो एक शब्द जरी बोलला असता तर मी पुढे आले असते, की नसते आले? तुमचं उत्तर मला माहीत नव्हतं, बाबा. शुक्रवारी मी वेळेवर घरी आले असते तर माहीत असतं. चार पावलांवर होते मी. चाळीस जण होतो आम्ही, तुमच्या त्या सगळ्या पृथ्वीच्या राजाची प्रजा, शीख, ब्राह्मण, केरळचे नायर, स्पेनचा योगी, आणि आमच्यातून एक माणूस निघत नव्हता.

डॉक्टरांनी एक स्तोत्र म्हटलं, जे नऊ जण म्हणू शकतात. मग माती.

आयझॅक म्हणतो, चूक कोणाच्याही हातून झाली असती. नाही झाली असती. तुमचं नाव गृहीत धरायची सवय फक्त मला होती. दानियल म्हणतो, मुंबईला जाऊन तिथे म्हणतो, तिथे दहा रोज असतात. जाईल, त्याने जायलाच हवं. पण तुम्ही चाळीस वर्षं दिल्लीत दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी दहा जमवलेत, ताप असलेल्यांना टॅक्सीत घालून आणलेत, आणि तुमच्यासाठी आम्ही तुम्हाला मुंबईला पाठवणार. मला ते सहन होत नाही आणि दुसरं काही सुचतही नाही.

सातव्या दिवशीही नाही झालं. ते दोघे तरुण गोव्याला गेले. मी स्वतः पहाडगंजला गेले, चार लॉज हिंडले. मुलं छान होती, चार जण येतो म्हणाली, एकही आलं नाही. सात जण जमले. पोहे, गूळ, खोबरं घालून मलिदा केला होता, तुमच्या बहिणीच्या पद्धतीने. उरला. शेजाऱ्यांना वाटला.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. आपल्या घरी गणपती असायचा तेव्हा तुम्ही आरतीला बाहेर गॅलरीत उभे राहायचात आणि प्रसादाला आत यायचात. मला वाटायचं, हे नुसतं चालवून घेणं आहे. एकदा मी आरती म्हणता म्हणता मागे बघितलं तर तुम्ही गॅलरीत टाळ्यांचा ठेका धरला होता, अगदी हळू, कोणाला दिसू नये असा. मी पटकन मान वळवली. आभार मानायला हवे होते. तुम्ही संकोचला असतात, म्हणून मानले नाहीत.

आता तिसावा दिवस. ११ डिसेंबर, सोमवार. मोझेसचे दोन मेव्हणे मुंबईहून यायला तयार आहेत, तिकिटं काढली. सात आणि दोन. या वेळी चार वेळा तपासलं. नऊ.

गेल्या सोमवारी कारखान्याच्या बी शिफ्टच्या बसमध्ये एक नवीन नाव आलं. पुण्याहून बदलून आलेला इंजिनियर. यादीत फक्त 'ई. पेणकर' आहे. पेणकर तुमच्यातही असतात, आमच्यातही. ई म्हणजे एलियाहू असू शकतो, एकनाथही असू शकतो. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसतो, डबा मांडीवर घेऊन. मी रोज दुपारी बसच्या दारात कागद घेऊन उभी असते, तो 'पेणकर' म्हणतो, मी खूण करते, तो आत जातो. तीन दिवस झाले. एका वाक्याचं काम आहे. दोनशे माणसांना मी रोज काहीही विचारते.

उद्या बस दोन दहाला सुटते. त्याला विचारायचं आहे.